पासष्टीनंतर मूत्रपिंडाच्या प्रतीक्षायादीत नाव नोंदवताना

मरणोत्तर अवयवदानातून मिळणाऱ्या मूत्रपिंडासाठी पासष्टीपुढील रुग्णाचे नाव घेतच नाहीत, अशी समजूत अजूनही अनेक घरांत आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२३ च्या सुरुवातीला ही वयोमर्यादा आणि तिच्यासोबत अधिवासाची, म्हणजे त्याच राज्याचा रहिवासी असण्याची, अटही काढून टाकली.

पहिली गोष्ट म्हणजे रुग्णालाच विचारावे. ‘माझे आता किती राहिले’ असे म्हणून अनेक ज्येष्ठ स्वतःच मागे सरतात. तो निर्णय त्यांचा असावा, पण तो चुकीच्या माहितीवर किंवा घरच्यांच्या मौनावर उभा नसावा.

नोंदणी परस्पर होत नाही. प्रत्यारोपणाची मान्यता असलेल्या रुग्णालयातील समन्वयकामार्फत ती करावी लागते. महाराष्ट्रात ही नावे मुंबई, पुणे, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे जातात. ओळखपत्र व रक्तगटाच्या अहवालासोबत डायलिसिस सुरू झाल्याच्या तारखेचा पुरावा न विसरता न्यावा, कारण यादीतील क्रम ठरवणाऱ्या गुणांकनात डायलिसिसवर काढलेला काळ मोजला जातो आणि तारीख सिद्ध झाली नाही तर तेवढे थांबणे वाया जाऊ शकते.

हृदय, रक्तवाहिन्या, जंतुसंसर्ग आणि कर्करोग यांच्या तपासण्या ज्येष्ठांच्या बाबतीत अधिक काटेकोर असतात, आणि त्या तशा असाव्यातही. मात्र ‘वय झाले’ एवढ्याच कारणाने नकार मिळाला, तर कोणत्या तपासणीमुळे शस्त्रक्रिया धोक्याची ठरते हे लेखी मागावे आणि दुसऱ्या रुग्णालयाचे मत घ्यावे.

गुणांकनात लहान मुलांना जादा गुण असतात. मूत्रपिंड निकामी झाल्याने मुलाची वाढच खुंटते, म्हणून हे झुकते माप मला न्याय्य वाटते. पण मुलाला पुढे घेणे वेगळे आणि अडुसष्ट वर्षांच्या धडधाकट माणसाला दारातच अडवणे वेगळे.

नाव लागल्यावर नोंदणी क्रमांक जपून ठेवावा, फोन रात्रीही चालू ठेवावा आणि ठरलेल्या मुदतीत रक्ताचे नमुने द्यावेत. मधल्या काळात रुग्ण आजारी पडल्यास समन्वयकाला कळवावे, म्हणजे नाव तात्पुरते निष्क्रिय ठेवता येते. बरे झाल्यावर ते पुन्हा सक्रिय झाले का, याची खात्री मात्र स्वतः विचारून करावी.