कुत्र्याच्या पिल्लाचे पाय वाकडे दिसतायत? आधी कॅल्शियमची बाटली बाजूला ठेवा

पिल्लाचे पुढचे पाय धनुष्यासारखे वाकलेत, पंजे पसरट पडतायत किंवा मनगटाचा सांधा सुजल्यासारखा दिसतोय की लोक लगेच कॅल्शियमचं सिरप सुरू करतात, आणि तिथेच घोळ होतो. मोठ्या जातीचं पिल्लू साधारण 6 महिन्यांचं होईपर्यंत जास्तीचं कॅल्शियम नीट अडवू शकत नाही, जेवढं द्याल त्यातलं बरंचसं अंगात जातं आणि हाडं उलट अजून बिघडतात. चांगलं पपी फूड चालू असेल तर वरून काहीही नको. नुसतं मांस-भात देत असाल तर मात्र कॅल्शियम खरंच कमी पडतं, कारण मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी नावाला, तेव्हा आहारच बदला. आणि हो, नुसत्या उन्हात बसवून भागत नाही, कुत्र्याच्या कातडीत व्हिटॅमिन डी पुरेसं तयारच होत नाही, ते खाण्यातूनच मिळावं लागतं.

गुळगुळीत फरशीवर पाय फाकत असतील तर रबरी मॅट टाका, जिने-उड्या बंद, वजन आटोक्यात. लंगडतंय, हात लावला की कळवळतंय किंवा एकच पाय वाकतोय, तर थांबू नका प्लीज, व्हेटकडे नेऊन एक्सरे काढा, वाढ चालू आहे तोवर सुधारायला जास्त वाव असतो.