पहिल्या मीटिंगला गेटवरून परत फिरू नये म्हणून

दारू सोडायच्या मीटिंगला जायचं ठरतं, पण कोणी ओळखीचं बघेल या धास्तीने दारातूनच पाय मागे येतो. मी दोनदा समोरच्या टपरीवर चहा पिऊन घरी आलो. तिसऱ्यांदा जमलं ते असं:

१. आदल्या दिवशी अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या (अशा मीटिंग घेणारी, दारू सोडू पाहणाऱ्यांचीच संघटना) हेल्पलाइनला फोन करा. जवळची मराठी मीटिंग कुठे, किती वाजता ते विचारा आणि 'पहिल्यांदाच येतोय, गेटवर कोणी भेटेल का?' हेही. खरी युक्ती हीच. कोणीतरी वाट बघतंय म्हटल्यावर टपरीवर रेंगाळता येत नाही.

२. १० मिनिटं आधी पोहोचा. उशिरा गेलं की सगळ्या माना वळतात.

३. बोलायची सक्ती नाही, आडनाव सांगावं लागत नाही, फी नाही. वर्गणीची पिशवी फिरते. नवख्याने ती नुसती पुढे सरकवली तरी चालतं.

बायकोला सोबत न्यायचं असेल तर 'ओपन' मीटिंग कधी असते ते फोनवरच विचारून घ्या. 'क्लोज्ड' मीटिंगला फक्त दारू सोडू पाहणारेच बसतात.

मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने उत्साहाच्या भरात एकदम बंद करू नये. हात थरथरतात, भास होतात, फिटही येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरांना दाखवा.