पुण्यातून अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या कोचिंगमध्ये शिरायचं तर

पतियाळाच्या एनआयएसमधला (राष्ट्रीय क्रीडा संस्था) फुटबॉलचा डिप्लोमा इथे उपयोगी नाही, तो पायाने खेळायच्या फुटबॉलचा. स्वतः खेळलेलं असलं तर उत्तमच, पण तेवढ्यावर अडत नाही. नावाजलेले कॉलेज फुटबॉल कोच माइक लीच स्वतः कॉलेज फुटबॉल खेळले नव्हते. कायद्याची पदवी घेऊन ते कोचिंगमध्ये आले, 1989 मध्ये फिनलंडचा एक क्लब सांभाळला आणि 2000 मध्ये टेक्सास टेक विद्यापीठाचे मुख्य कोच झाले. (अपवाद आहे, हे मान्य.)

नेहमीचं दार म्हणजे 'ग्रॅज्युएट असिस्टंट'. मास्टर्सला प्रवेश, बहुधा फी माफ, वर थोडं विद्यावेतन आणि बदल्यात संघाची पडेल ती कामं. त्यातलं मोठं काम व्हिडिओ बघून नोंदी करण्याचं, आणि ते कोथरूडच्या खोलीत बसूनही शिकता येतं. एक पूर्ण सामना घ्या. एक्सेलमध्ये खेळीमागे एक ओळ: कितवा डाऊन (10 यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी कितवा), किती यार्ड बाकी, चेंडू कोणत्या हॅशवर (मैदानावरच्या छोट्या रेघांच्या रांगांपैकी कोणत्या), फॉर्मेशन (खेळाडूंची मांडणी), पर्सोनेल (कोणत्या जागेचे किती खेळाडू). '11 पर्सोनेल' म्हणजे एक रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा), एक टाइट एंड (अडवणारा आणि झेलणाराही), उरलेले तीन रिसीव्हर (पास झेलणारे). टीव्हीच्या चित्रात सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचे बचावपटू, बरेचदा दिसत नाहीत. त्यांचा रकाना ठेवलात तर तेव्हा रिकामा सोडा, अंदाजाने भरलात की खालची सगळी टक्केवारी खोटी पडते. शेवटी एकच पान काढा: तिसऱ्या डाऊनला 3 यार्ड हवे असताना हा संघ चेंडू घेऊन पळतो की पास फेकतो? अर्जासोबत हे पान जोडा.

मुलांना शिकवण्याचा अनुभव फ्लॅग फुटबॉलमधून मिळवा (यात खेळाडूला पाडत नाहीत, कमरेची पट्टी ओढून थांबवतात). 2028 च्या ऑलिंपिकमुळे त्याला बरे दिवस आलेत. पाच-पाच जणांचा खेळ, पण मैदान 70 बाय 25 यार्ड, म्हणजे साधारण 64 बाय 23 मीटर. बाणेर-बावधनचे भाड्याचे छोटे टर्फ पुरत नाहीत, कॉलेजचं मैदान मागा.

अर्ज अडतो तो दोन ठिकाणी. आपली तीन वर्षांची बी.कॉम. किंवा बी.ए. काही विद्यापीठं मास्टर्ससाठी धरत नाहीत, म्हणून आधी विचारून घ्या. दुसरं, एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासच काम करता येतं. फुटबॉलच्या ऑफिसात हंगामात तेवढे तास बुधवारपर्यंतच संपतात. जास्तीचे तास 'मदत' म्हणून करू नका, व्हिसा जातो.

हंगामात ईमेल कुणी वाचत नाही. नोव्हेंबरअखेर नियमित सामने संपले की मुख्य कोचांच्या हकालपट्ट्यांना जोर येतो. कोच गेला की त्याचे सहायकही बहुधा जातात आणि नवा कोच आपली माणसं आणतो. जागा सुटतात त्या डिसेंबर-जानेवारीत.