अंड्यांवर यूव्ही मारताय? या चुका टाळा

यूव्हीची, म्हणजे अतिनील किरणांची पेटी आणली की अंडी निर्जंतुक झालीच, असं बरेच पोल्ट्रीवाले आणि छोटे हॅचरीवाले धरून चालतात. पण हे किरण जिथे थेट पडतात तिथलेच जंतू मारतात. ते कवचाच्या आत शिरत नाहीत, की वाळलेल्या विष्ठेच्या थराखाली पोचत नाहीत.

म्हणून शिटलेली अंडी पेटीत ठेवूच नका. ती आधी गार पाण्यानं धुणं तर आणखी वाईट. अंडं थंड पडलं की आतला ऐवज आकसतो आणि कवचावरच्या हजारो छिद्रांतून घाण पाणी आत ओढलं जातं. एकदा आत गेलेल्या जंतूंवर यूव्हीचा काही इलाज चालत नाही. खुराड्यातला भुसा कोरडा ठेवा आणि दिवसातून तीन-चार वेळा अंडी गोळा करा. निम्मं काम तिथेच होतं.

सगळ्यात जास्त फसगत सावलीमुळे होते. उबवणीच्या ट्रेमध्ये अंडं रुंद टोक वर करून उभं असतं. वर एकच ट्यूब असेल तर ते टोक न्हाऊन निघतं, पण पोटाखालचा भाग आणि ट्रेला टेकलेली कड अंधारातच राहते. वेळ दुप्पट केला तरी तिथे किरण पोचायचे नाहीत. दोन्ही बाजूंनी ट्यूब लावून जाळीचा ट्रे वापरा, किंवा अंडी रोलरवर फिरती ठेवा.

ट्यूब 254 नॅनोमीटरची, म्हणजे यूव्ही-सी (जंतू मारणाऱ्या यूव्ही किरणांची) हवी. नोटा तपासायचा 365 नॅनोमीटरचा दिवा इथे उपयोगाचा नाही. साध्या काचेतून यूव्ही-सी पार होत नाही, त्यामुळे ट्यूबपुढे काच बसवू नका. निळा उजेड दिसतोय म्हणजे ट्यूब चांगली आहे, हाही गैरसमजच. उजेड तसाच राहतो आणि मारक किरण मात्र घटत जातात. बऱ्याच ट्यूबचं आयुष्य 9000 तासांच्या आसपास असतं. वापराचे तास लिहून ठेवा. ट्यूबवरची धूळ, ती बंद करून गार झाल्यावर, स्पिरिटच्या फडक्यानं पुसा.

साल्मोनेला हा जंतू कोंबडीच्या अंडाशयातूनच अंड्यात आला असेल, तर यूव्हीचा उपयोग शून्य. तिथे कळपाचीच तपासणी आणि लसीकरण लागतं.

आणि कामगारांना जपा. पेटीचं दार उघडताच ट्यूब बंद होईल असा स्विच हवाच. उघड्या डोळ्यांवर हे किरण पडले तर लगेच काही जाणवत नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं. असं झालं तर डोळे चोळू न देता थेट डॉक्टरकडे न्या.