जुना स्पेक्ट्रम नव्या कॉम्प्युटरवर: फ्यूज बसवणं आणि माळ्यावरच्या कॅसेट वाचवणं

झेडएक्स स्पेक्ट्रम हा १९८२ सालचा ब्रिटिश घरगुती कॉम्प्युटर. साडेतीन मेगाहर्ट्झचा झेड८० प्रोसेसर, ४८ किलोबाइट रॅम, पडदा म्हणून घरचा टीव्ही आणि साठवणीला साधी ऑडिओ कॅसेट. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन तो 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने विकला. त्यामुळे आपल्याकडेही काही घरांत या मशीनच्या कॅसेट पडून असतात. मशीन मेलेलं असतं, कॅसेट मात्र बऱ्याचदा वाचवता येते. इथे आधी इम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम, नीट चालवू, मग कॅसेटकडे वळू.

इम्युलेटर बरेच आहेत. आमची शिफारस फ्यूजची. तो फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो आणि मूळ मशीनचा वेळेचा हिशोब काटेकोर पाळतो. स्पेक्ट्रमवरचे पुष्कळ प्रोग्रॅम याच हिशोबावर तगून असतात. एक चौकट (पडद्यावरचं एक पूर्ण चित्र) बरोबर ६९,८८८ क्लॉक टिकांची, म्हणजे सेकंदाला पन्नासहून किंचित जास्त चौकटी. हे चुकलं की चित्राभोवतीच्या बॉर्डरवरचे रंगीत पट्टे सरकतात आणि आवाज बेसूर होतो.

बसवणं

विंडोजवर प्रकल्पाच्या सोर्सफोर्ज पानावरून सेटअप फाइल उतरवून चालवली की काम संपलं. अनोळखी प्रोग्रॅम म्हणून विंडोजने अडवलं, तर आधी फाइल त्याच पानावरून आली आहे ना ते पाहा आणि मगच पुढे जा. मॅकसाठी फ्यूजची वेगळी आवृत्ती आहे. ती ॲप्लिकेशन्स फोल्डरमध्ये ओढून टाकायची.

लिनक्सवर मात्र हमखास ठेच लागते. डेबियन आणि उबुंटूमध्ये नुसत्या 'फ्यूज' नावाचं पॅकेज फाइल सिस्टिमशी संबंधित आहे, त्याचा स्पेक्ट्रमशी काही संबंध नाही. तेच बसवून मेनूत इम्युलेटर शोधत बसणारे कमी नाहीत. आपल्याला हवं ते 'फ्यूज-इम्युलेटर-जीटीके'. पूर्ण पडद्यावर खेळायचं असेल तर 'फ्यूज-इम्युलेटर-एसडीएल' घ्या. त्याच्या जोडीला 'स्पेक्ट्रम-रॉम्स' आणि 'फ्यूज-इम्युलेटर-युटिल्स' ही दोन पॅकेजं लागतात. पुढे कॅसेटच्या कामात युटिल्सचा उपयोग होईल.

रॉमचं पॅकेज डेबियनच्या 'नॉन-फ्री' विभागात आणि उबुंटूच्या 'मल्टिव्हर्स' विभागात असतं. हा विभाग चालू नसेल तर पॅकेज सापडतच नाही. रॉम म्हणजे मशीनच्या आतली १६ किलोबाइटची चिप, जिच्यात बेसिक ही प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा आणि मूळ कामकाज असतं. १९८६ मध्ये ॲमस्ट्रॅड या कंपनीने स्पेक्ट्रम बनवणाऱ्या सिंक्लेअरचा कॉम्प्युटर व्यवसाय विकत घेतला, तेव्हा रॉमचे हक्कही तिकडे गेले. इम्युलेटरसोबत रॉम वाटायला ॲमस्ट्रॅडने परवानगी दिली आहे. ती फक्त रॉमपुरती. खेळांचे हक्क ज्याचे त्याच्याकडे.

पहिल्यांदा फ्यूज उघडल्यावर करड्या पडद्यावर तळाशी १९८२ सालाची सिंक्लेअर रिसर्चची कॉपीराइट ओळ दिसली पाहिजे. वेगळाच मजकूर दिसला तर मूळ रॉमऐवजी तिची मुक्त पर्यायी रॉम चढलेली आहे. तिच्यावर बेसिक चालतं, पण मूळ रॉमच्या पोटातले पत्ते थेट वापरणारे खेळ कोलमडतात. पडदा उघडण्याऐवजी '४८ डॉट रॉम सापडली नाही' अशा अर्थाचा संदेश आला तर रॉमचं पॅकेज राहिलंय.

मशीन आणि पडदा

एफ९ दाबून मशीन निवडा. डीबी स्पेक्ट्रम प्लसच्या कॅसेट, १९८२ ते ८५ दरम्यानचे खेळ आणि घरी लिहिलेले बेसिक प्रोग्रॅम यांना ४८के घ्या. १२८के मध्ये तीन आवाजांची वेगळी साउंड चिप आणि जास्त मेमरी आहे, पण ४८के साठी लिहिलेले काही प्रोग्रॅम तिथे अडतात. मेमरीची पानं उलटणारं १२८के चं पोर्ट चुकून लिहिलं गेलं की पडदा गोठतो. "मोठं मशीन, म्हणजे चांगलं" हा हिशोब इथे लागू नाही.

मूळ चित्र २५६ बाय १९२ ठिपक्यांचं, बॉर्डरसकट फ्यूजची खिडकी ३२० बाय २४० ची. ती दुप्पट, तिप्पट अशा पूर्ण पटीतच मोठी करा. अडीचपट केली की काही ठिपके जाड, काही बारीक होतात आणि अक्षरं ओबडधोबड दिसतात. फिल्टरमध्ये पाल (पीएएल, जुन्या टीव्हीची रंगपद्धत) टीव्हीचा पर्याय आहे. तो रंगांच्या कडा जुन्या टीव्हीसारख्या विरघळवतो. खेळांना छान, पण बेसिक लिहिताना डोळ्यांना त्रास.

सरकती दृश्यं धक्के खात असतील तर इम्युलेटरला दोष देऊ नका. तुमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे आणि स्पेक्ट्रम ५० चा, म्हणून दर पाच चौकटींमागे एक दोनदा दाखवावी लागते. मॉनिटर ५० किंवा १०० हर्ट्झवर चालत असेल तर डिस्प्ले सेटिंगमधून तसा बदला. नाहीतर सोडून द्या. आवाजाचा वेग ५० च्या हिशोबानेच राहतो, आणि तो बिघडवून चित्र सुधारण्यात अर्थ नाही.

सगळं मनासारखं झालं की 'ऑप्शन्स' मधलं 'सेव्ह' दाबायला विसरू नका. फ्यूज बंद करताना सेटिंग आपोआप जपली जातील असं धरून चालू नका. कालचं सगळं आज गायब झालं, तर बहुतेक वेळा हेच राहिलेलं असतं.

कीबोर्ड

खरी अडचण इथे. ४८के च्या बेसिकमध्ये आज्ञा अक्षर-अक्षर टाइप करायच्या नसतात. ओळीच्या सुरुवातीला 'के' हे अक्षर लुकलुकत असतं. तेव्हा एक कळ म्हणजे एक अख्खी आज्ञा. जे म्हणजे लोड, पी म्हणजे प्रिंट, आर म्हणजे रन, एस म्हणजे सेव्ह, बी म्हणजे बॉर्डर, के म्हणजे लिस्ट. नवखा माणूस एल-ओ-ए-डी दाबतो आणि पडद्यावर 'लेट' ही आज्ञा उमटून तिच्यामागे उरलेली तीन अक्षरं येतात, कारण एल म्हणजे लेट. मग एंटर दाबलं की लुकलुकतं प्रश्नचिन्ह येतं. ते जिथे आहे तिथे चूक आहे.

तुमच्या कीबोर्डवरची शिफ्ट म्हणजे स्पेक्ट्रमची कॅप्स शिफ्ट, आणि कंट्रोल किंवा आल्ट म्हणजे सिम्बॉल शिफ्ट. दुहेरी अवतरणचिन्हासाठी कंट्रोल धरून पी दाबा. आजच्या कीबोर्डवर अवतरणचिन्ह जिथे छापलंय तिथे ते मिळेल याचा भरवसा नाही. खोडायला बॅकस्पेस चालते, आणि लिहिलेली ओळ पुन्हा संपादनासाठी खाली आणायला एस्केप.

चाचणी म्हणून १० टाइप करा, मग पी. प्रिंट उमटेल आणि 'के' च्या जागी 'एल' येईल, म्हणजे आता साधी अक्षरं उमटतील. कंट्रोल-पी, काही मजकूर, पुन्हा कंट्रोल-पी, एंटर. मग आर आणि एंटर. वर मजकूर आणि तळाशी 'ओके' असलेली ओळ आली की मशीन ठीक आहे.

हे सगळं जड वाटत असेल तर १२८के निवडून त्याच्या मेनूतून बेसिकमध्ये जा, तिथे आज्ञा पूर्ण टाइप करता येतात. पण जुन्या पुस्तकातले प्रोग्रॅम उतरवायचे असतील तर ४८के ची सवय करून घेतलेली बरी. हात बसला की वेग जास्तच मिळतो.

एखादा अगदी सुरुवातीच्या काळातला खेळ कळांना दादच देत नसेल, तर 'जनरल' पर्यायांतलं 'इश्यू २ कीबोर्ड' चालू करा. पहिल्या पिढीच्या बोर्डांवर कीबोर्ड वाचताना एक बिट वेगळा यायचा, आणि काही प्रोग्रॅम नेमक्या त्याच बिटावर विसंबलेले आहेत. जॉयस्टिकसाठी 'पेरिफेरल्स' मध्ये केम्पस्टन हा जॉयस्टिकचा प्रकार चालू करा आणि मगच खेळात तो पर्याय निवडा. जोडलेलाच नसताना निवडला की पात्र आपोआप एका बाजूला पळत सुटतं.

टेप फाइल

एफ३ ने कुठलीही फाइल उघडता येते. झेड८० आणि एसएनए या फाइल म्हणजे मेमरीचा एका क्षणाचा फोटो, लगेच चालू होतात. टॅप आणि टीझेडएक्स या टेपच्या फाइल. टॅपमध्ये नुसता डेटा असतो. टीझेडएक्समध्ये स्पंदांच्या लांबीचीही नोंद ठेवता येते, त्यामुळे स्वतःचा वेगळा लोडर (टेपवरून प्रोग्रॅम मेमरीत चढवणारा भाग) वापरणारे खेळ त्यातच नीट टिकतात. दोन्ही मिळत असतील तर टीझेडएक्स घ्या.

'मीडिया' पर्यायांत 'टेप ट्रॅप्स' चालू असेल तर फ्यूज रॉममधलं लोडिंग मधेच पकडतो आणि अख्खा ब्लॉक क्षणात मेमरीत ठेवतो. वेगळा लोडर रॉमला विचारतच नाही, म्हणून तिथे ट्रॅपचा उपयोग नाही. त्यासाठी 'डिटेक्ट लोडर्स' आणि 'ॲक्सिलरेट लोडर्स' आहेत. एखादा खेळ तरीही अर्ध्यावर मरत असेल तर हे सगळे शॉर्टकट बंद करा आणि खऱ्या वेगाने चढवा. ४८ किलोबाइट भरायला साडेचार मिनिटांच्या आसपास लागतात. बॉर्डरवर लाल-निळसर जाड पट्टे म्हणजे सुरुवातीचा सूर, निळे-पिवळे बारीक पट्टे म्हणजे प्रत्यक्ष डेटा. पिवळे पट्टे आलेच नाहीत तर टेप सुरूच झालेली नाही: एफ८ दाबा.

खरी कॅसेट उतरवणं

आपल्या हवेत कॅसेटचा मोठा शत्रू बुरशी. खिडकीतून पाहिल्यावर गुंडाळीच्या कडेवर पांढरे डाग दिसले तर ती कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालू नका, हेडवर लागलेली बुरशी पुढच्या कॅसेटला जाते. स्वच्छ कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, वर्षानुवर्षं चिकटून बसलेले वेढे सुटतात. हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रोलर वाळल्याशिवाय कॅसेट लावायची नाही.

डेकच्या हेडफोन किंवा लाइन-आउटमधून कॉम्प्युटरच्या लाइन-इनला साडेतीन मिलिमीटरची वायर जोडा. बहुतेक लॅपटॉपना लाइन-इन नसतं, फक्त माइकचं भोक असतं. त्यात जोर जास्त होऊन सिग्नल चेंगरतो. लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या.

डेकवरचं डॉल्बी बंद. कॉम्प्युटरवर माइकचं नॉइज सप्रेशन, ऑटो गेन, 'एन्हान्समेंट' या नावाखालचं सगळं बंद. बरीच रेकॉर्डिंग इथेच मरतात. स्पेक्ट्रमचा सुरुवातीचा सूर ८०७ हर्ट्झच्या आसपास सलग वाजत असतो. आवाज सुधारणारं सॉफ्टवेअर त्याला पंख्याची घरघर समजतं आणि पुसून टाकतं. कानाला रेकॉर्डिंग सुरेख वाटतं, फ्यूजला मात्र त्यात काहीच सापडत नाही.

ऑडॅसिटीमध्ये ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट ठेवा आणि सर्वोच्च पातळी उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या. डेक स्टिरिओ असेल तर दोन्ही बाजू रेकॉर्ड करा, पण एकत्र मिसळू नका. हेड जरा जरी तिरपं असेल तर दोन बाजूंच्या लाटा मागेपुढे येतात आणि मिसळल्यावर एकमेकींना खातात. ज्या बाजूची लाट उंच आणि एकसारखी दिसते तेवढीच ठेवा, मोनो करा आणि डब्ल्यूएव्ही म्हणून जपा. एमपी३ अजिबात नको.

शून्याचा सूर सुमारे २,०४७ हर्ट्झचा आणि एकाचा त्याच्या निम्मा. आवाज दबका येत असेल तर वरचे सूर हरवतायत. कॅसेट वाजत असताना हेडशेजारचा स्प्रिंगवाला छोटा स्क्रू बारीक पेचकसाने केसभर फिरवा. आवाज जिथे सर्वांत तीक्ष्ण होईल तिथे थांबा. त्याआधी स्क्रूची मूळ जागा मार्करने खुणावून ठेवा, नाहीतर गाण्यांच्या कॅसेट घोगऱ्या वाजतील.

आता डब्ल्यूएव्ही एफ७ ने उघडा. ती उघडत नसेल तर तुमच्या फ्यूजमध्ये ऑडिओ फाइलची सोय नाही. मग युटिल्समधल्या 'ऑडिओ२टेप' ने आधी टीझेडएक्स करून घ्या. जे दाबा, कंट्रोल-पी दोनदा, एंटर आणि एफ८. इथे ट्रॅप लागू होत नाहीत, कारण फ्यूजच्या हातात ब्लॉक नसून नुसत्या लाटा आहेत. 'टेप लोडिंग एरर' आली तर पट्टे पाहा. लाल-निळसर पट्टेच थरथरत असतील तर पातळी किंवा हेड बघा. निळ्या-पिवळ्यांत मधेच तुटत असेल तर टेपवर त्या जागी डाग किंवा घडी आहे. तेवढाच भाग पाच-सहा वेळा रेकॉर्ड करून चांगला तुकडा जोडून पाहा.

घरी लिहिलेला बेसिक प्रोग्रॅम एकदा चढला की तो नव्याने स्वच्छ साठवा. 'मीडिया', 'टेप', 'क्लिअर' करून रिकामी टेप घ्या. ट्रॅप चालू ठेवून एस दाबा, अवतरणचिन्हांत दहा अक्षरांपर्यंत नाव द्या, एंटर, आणि टेप सुरू करायला सांगणारा संदेश आला की कुठलीही कळ. मग 'टेप' मधलं 'राइट' निवडून टीझेडएक्स म्हणून जतन करा. ही फाइल काही किलोबाइटची होते आणि पुढे क्षणात चढते. प्रोग्रॅम साध्या मजकुरात वाचायचा असेल तर युटिल्समधलं 'लिस्टबेसिक' याच फाइलवर चालवा, सगळ्या ओळी आकड्यांसकट टर्मिनलवर येतात. मूळ डब्ल्यूएव्ही मात्र पुसू नका. कॅसेट दुसऱ्यांदा इतकी चांगली वाजेलच असं नाही.