हर्णैला जाण्यापूर्वी भरती-ओहोटीचे गणित

दापोली तालुक्यातील हर्णै बंदर पाहायचे असेल, तर घड्याळाआधी पंचांग पाहावे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना आडाखा आहे. म्हणजे शुद्ध असो वा वद्य, चतुर्थीला दुपारी आणि पहाटेही तीनच्या सुमारास भरती असते. तिथून सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते आणि दर दिवशी या वेळा सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकतात.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असल्याने पाणी जितके वर चढते तितकेच दूर ओसरते; अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, हा फरक बराच कमी असतो. उधाणाच्या ओहोटीत उघड्या पडलेल्या खडकांवर दूरवर जाण्याचा मोह होतो, परंतु भरती सुरू झाल्यावर पुष्कळदा मागची सखल वाटच आधी बुडते, म्हणून स्थानिक कोळी बांधवांना विचारल्याशिवाय तिकडे मुळीच उतरू नये.

किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालू असताना टोपल्या वाहणाऱ्या स्त्रियांना वाट द्यावी, जाळ्यांवर पाय ठेवू नये आणि विचारूनच छायाचित्र काढावे. पावसाळ्यात मासेमारी बंद असते. त्यामुळे नारळी पौर्णिमेनंतर जाणे उत्तम.