एकट्याने महासागर ओलांडताना या चुका टाळा

एकट्याने शिडाच्या होडीतून महासागर पार करायचा म्हटलं की डोळ्यांसमोर आधी वादळ येतं आणि सगळी तयारी त्याच धाकाने होते. वादळ गाठतंच. पण सफरी फसतात त्या बऱ्याचदा वेगळ्याच हिशेबात. सुकाणू, स्वयंपाक, दुरुस्ती, टेहळणी या सगळ्याला तेच दोन हात आणि तेच दमलेलं डोकं पुरवायचं असतं, हे कागदावर सगळ्यांना पटतं. होडीवर मात्र विसरायला होतं.

वर्दळीच्या पाण्यात झोपणं

छोट्या होडीवरून दिसणारं क्षितिज जेमतेम तीन सागरी मैलांवर असतं. उंच मालवाहू जहाज त्याच्या बरंच आधी दिसतं, पण 20 नॉट, म्हणजे ताशी 20 सागरी मैल वेगाने येणारं जहाज तीन मिनिटांत एक मैल कापतं. वीस मिनिटं डोळा लागला, की जवळजवळ सात मैल संपले. म्हणून एकटे खलाशी तुकड्या-तुकड्यांत झोपतात. सप्टेंबर 2009 मध्ये सोळा वर्षांची जेसिका वॉटसन जगप्रदक्षिणेच्या तयारीसाठी ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याने निघाली होती. रात्री ती डुलकी घ्यायला गेली आणि तिची होडी ‘सिल्व्हर यांग’ या अजस्र मालवाहू जहाजावर आदळली. डोलकाठी मोडली, ती मात्र सुखरूप राहिली. नंतर होडी दुरुस्त करून मे 2010 मध्ये तिने प्रदक्षिणा पूर्णही केली.

यावर उपाय किनाऱ्यावरच सुरू होतो. निघण्याआधीचे दोन-तीन दिवस पोटभर झोपा. निरोपसमारंभ, मुलाखती, शेवटच्या क्षणीची खरेदी हे सगळं दुसऱ्यांवर सोपवा. पहिल्या टप्प्यात जहाजांचे मार्ग आणि मासेमारीचा पट्टा ओलांडेपर्यंत लांब झोप नाहीच. एआयएसचा, म्हणजे आसपासच्या जहाजांची जागा आणि वेग दाखवणाऱ्या यंत्रणेचा गजर लावाच, पण त्याच्या भरवशावर राहू नका. आपल्या कोकण किनाऱ्यावर रात्री मासेमारी होड्यांची दाटी असते आणि त्यांतल्या कितीतरी एआयएसवर दिसत नाहीत.

मदतीचं सामान हाताबाहेर ठेवणं

माझ्या मते ही सगळ्यात दुर्लक्षित चूक. सप्टेंबर 2018 मध्ये गोल्डन ग्लोब या एकट्याने जगप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत भारतीय खलाशी अभिलाष टॉमी यांची होडी ‘थुरिया’ दक्षिण हिंदी महासागरात उलटीपालटी झाली. डोलकाठी गेली, पाठीला जबर दुखापत झाली. उठता येत नव्हतं. दुसरा सॅटेलाइट फोन आणि हातातला व्हीएचएफ रेडिओ आणीबाणीच्या पिशवीत नीट बांधून ठेवलेले होते, पण पिशवीपर्यंत पोहोचणंच कठीण झालं. छोट्या मजकूर-यंत्रावरून ते संदेश पाठवू शकले आणि तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच मत्स्य-गस्ती जहाजाने त्यांना उचललं.

तुमच्या होडीवर हे तपासायला पाच मिनिटं लागतात. बंकवर, म्हणजे होडीतल्या झोपायच्या फळीवर आडवे व्हा, पाय हलवायचे नाहीत असं ठरवा आणि फक्त हात लांब करा. पाणी, टॉर्च, वेदनाशामक गोळ्या, संदेशाचं यंत्र यांपैकी काय हाताला लागतं? जे लागत नाही त्याची जागा आजच बदला.

डेकवरही हाच नियम. समुद्र शांत आहे म्हणून हार्नेस, म्हणजे तुम्हाला होडीशी बांधून ठेवणारा पट्टा, काढू नका. 2011 मध्ये फ्रेंच खलाशी फ्लोरान्स आर्तो कॉर्सिका बेटाजवळ रात्री पाण्यात पडली. अंगावर जलरोधक मोबाइल आणि डोक्याला दिवा होता, त्यावरून तिने आईला फोन लावला म्हणून वाचली. किनाऱ्यापासून दूर, जिथे मोबाइलची रेंज नाही, तिथे असा फोन लागणार नाही.

स्वयं-सुकाणू बिघडणार नाही असं धरून चालणं

होडीला आपोआप दिशेवर ठेवणारी ही यंत्रणा बिघडते. मुंबईत सागवानी लाकडात बांधलेल्या ‘सुहेली’वरून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 1968-69 मध्ये एकट्याने, न थांबता जगाला वळसा घालून आले. ऑस्ट्रेलियाच्या आसपासच त्यांची ही यंत्रणा निकामी झाली होती. पुढचा सगळा प्रवास त्यांनी शिडांचा तोल साधून केला. हे किनाऱ्याजवळ शिकून घ्या: शिडं कमी-जास्त करत, सुकाणू बांधून होडी किती वेळ सरळ जाते ते पाहा.

होडी भरकटायला लागली की लोक आधी यंत्रणा उघडतात. त्याआधी शिडं पाहा. मुख्य शीड वाऱ्याच्या मानाने जास्त असेल तर होडी वाऱ्याकडे वळत राहते आणि यंत्रणा विनाकारण झिजते. शीड आवरावं का, असा विचार मनात आला की लगेच आवरा. अंधार पडल्यावर तेच काम दुप्पट जड जातं. आणि दोर रोज हाताने चाचपा. कप्पीतून जाणारा दोर एकाच जागी घासतो, बोटांना तिथे लव लागते. तसं आढळलं की दोर वीतभर पुढे सरकवा, म्हणजे घासणी नव्या जागी पडेल.

तारीख ठरली म्हणून निघणं

डोनाल्ड क्रोहर्स्ट 31 ऑक्टोबर 1968 ला, नॉक्स-जॉन्स्टन यांच्याच गोल्डन ग्लोब शर्यतीत, निघण्याच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी, अपुऱ्या तयारीच्या होडीतून निघाला. पुढे तो खोटी ठिकाणं कळवत राहिला, आणि जुलै 1969 मध्ये त्याची रिकामी होडी अटलांटिकमध्ये सापडली. याउलट दिलीप दोंदे यांचं पाहा. गोव्यात दिवाडी बेटावर त्यांची होडी ‘म्हादेई’ बांधली जात असताना ते त्या कामात होते. आधी मॉरिशसची सफर झाली, तिथून ते एकट्याने परतले, आणि मग ऑगस्ट 2009 मध्ये मुंबईहून प्रदक्षिणेला निघाले. होडीचा कुठला बोल्ट कुठे आहे हे आधीच माहीत असलेला माणूस बिघाड शोधण्यात रात्र घालवत नाही.

तेव्हा मोठ्या सफरीआधी किनारा दिसेनासा होईल इतके बाहेर जाऊन चार-पाच दिवस एकट्याने काढा. परतल्यावर काय तुटलं, काय हाताला लागलं नाही, झोप कितपत झाली ते लिहून काढा. यादी लांब झाली तर निघायची तारीख पुढे ढकला.